नियमाचा अर्थ आणि खेळाचा धर्म



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या शाळेत बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. स्मृतिव्याख्यानाचा विषय गंभीर असावा, असा संकेत आहे. मी मात्र आज खेळाविषयी बोलणार आहे, आणि तेही खेळातल्या एका बारीक प्रश्नाविषयी. खेळणाऱ्याला, किंवा तो ज्या पात्राचे सोंग घेतो त्या पात्राला, नियमाने एखादे विशेष सामर्थ्य दिलेले असते. पण नियमाच्या शब्दांतून कधी कधी दोन अर्थ निघतात. अशा वेळी कोणता अर्थ घ्यायचा, तो कोणी ठरवायचा आणि कशाच्या आधारे ठरवायचा? प्रश्न पोरखेळातला वाटेल. परंतु हाच प्रश्न आपल्या वैयाकरणांनी, मीमांसकांनी आणि महाभारतकारांनी किती गांभीर्याने हाताळला आहे, हे पाहिले म्हणजे त्याचा पोरकटपणा उरत नाही.

आरंभ आपल्या अंगणापासूनच करू. लपंडाव असो की पकडापकडी, मोठ्या मुलांच्या घोळक्यात एखादे धाकटे भावंड शिरते आणि त्याला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, हे त्याचे विशेष सामर्थ्य. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, तरी मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक असतो. आता समजा, या कच्च्या लिंबाने एखाद्या मोठ्या मुलाला 'भोज्या' करून दिला, तर तो धरायचा की नाही? बाद होण्यापासून त्याला सूट आहे, एवढेच नियम सांगतो. दुसऱ्याला वाचविण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, याविषयी नियम मुका आहे. एक पक्ष म्हणतो, जो बाद होऊ शकत नाही त्याला डावावर परिणामही करता येणार नाही. दुसरा म्हणतो, सूट बाद होण्यापुरती आहे, बाकी तो आपल्यासारखाच भिडू आहे. दोन्ही युक्तिवाद तर्कशुद्ध आहेत. निर्णय मात्र तर्काच्या आधी विचारलेल्या एका प्रश्नातून निघतो : ही सूट मुळात दिली कशासाठी? धाकट्याने हिरमुसून बाहेर बसू नये, म्हणून दिली. मग तिचा असा अर्थ लावू नये की धाकट्याचा त्याच्या आडोशाला लपणाऱ्या थोरल्यांनी हत्यारासारखा वापर करावा. ज्याला आपण 'रडीचा डाव' म्हणतो, तो पुष्कळदा नियम मोडून नव्हे, तर नियमाचा सोयीचा अर्थ लावून खेळला जातो.

उज्जयिनीत अर्थाच्या कसरतीविषयी बोलताना शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची आठवण न होणे अशक्य आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या घरातलीच झाली. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात याच नगरीतल्या रस्त्यावरचा एक प्रसंग आहे. संवाहक नावाचा, अंग चोळून देण्याची कला जाणणारा एक माणूस जुगारात दहा सुवर्ण हरला आहे. देणे चुकविण्यासाठी तो पळतो, उलट्या पावलांनी एका ओसाड देवळात शिरतो आणि देवाच्या मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. जुगाराच्या अड्ड्याचा चालक माथुर आणि जिंकलेला जुगारी, दोघे माग काढीत तेथे येतात. मूर्तीचा संशय येताच ते तिच्यासमोर फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच संवाहकाला राहवत नाही. डाव आपला, असे ओरडत तो पुढे येतो आणि सापडतो.

पुढे जे घडते ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. संवाहक आधी जुगाऱ्याला विनवतो की अर्धे मी देतो, अर्धे तू सोड. तो कबूल होतो. मग माथुराकडे जाऊन तो त्यालाही तसेच सांगतो, की अर्ध्याची हमी देतो, अर्धे आपणही सोडावे. तोही कबूल होतो. त्यावर संवाहक दोघांकडून मोठ्याने वदवून घेतो की दोघांनीही अर्धे सोडले, आणि मग निरोप घेऊन चालू लागतो. अर्धे याने सोडले, अर्धे त्याने सोडले, देणे उरले कोठे? प्रेक्षक हसतात. माथुर अर्थातच त्याला धरून सगळे दहा सुवर्ण मागतो, आणि संवाहक उलट लोकांनाच साक्षीला बोलावतो की पाहा, माझ्यावर कसा अन्याय चालला आहे!

संवाहक खोटे बोलला काय? शब्दांपुरते नाही. त्याची लबाडी 'अर्धे' या शब्दाच्या संदिग्धतेत आहे. कोणते अर्धे, हे कोणीच म्हटले नव्हते. मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर त्याने वाक्यभेद केला. जैमिनींच्या सूत्रांनुसार ज्या पदसमूहाचे प्रयोजन एक आणि ज्याचे भाग सुटे केल्यास परस्परांची अपेक्षा ठेवतात, ते एक वाक्य होय. 'अर्धे मी देतो, अर्धे तू सोड' हे असे एक वाक्य आहे. त्यातले सोडणे हे देण्याच्या अटीवर उभे आहे. संवाहकाने अट गाळून सवलत तेवढी उचलली. कोणत्याही खेळात सामर्थ्याच्या नियमाबाबत होणारे निम्मे तंटे याच जातीचे असतात. नियमातले 'मिळेल' आपण मोठ्याने वाचतो आणि 'जर' हळूच गिळतो.

पण या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. निर्णय देणारा माथुर हा स्वतः धनको आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत द्यूताचे एक छोटे प्रकरण आहे. द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाने मोठ्या रकमा जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ आणि इतरांकडून शेकडा १० घ्यावेत, राजाचा ठरलेला भाग द्यावा, हरलेल्याकडून वसूल करून जिंकलेल्याला पोचते करावे, आणि स्वतः सत्यवचनी व क्षमाशील असावे, असे तेथे सांगितले आहे. शिवाय द्यूतातील तंट्यांत पाहणारे आणि साक्षी खेळणाऱ्यांतूनच घ्यावेत, असाही निर्देश आहे. स्मृतिकारांना दोन गोष्टी नेमक्या कळल्या होत्या. खेळातल्या वादाचा उलगडा खेळ जाणणाऱ्यालाच करता येतो ही एक, आणि ज्याच्या हाती खेळाची सूत्रे आहेत त्याचा लाभही खेळात गुंतलेला असतो, म्हणून त्याच्याकडून क्षमेची अपेक्षा धरावी लागते ही दुसरी. मृच्छकटिकातला माथुर वसुली करतो. क्षमा त्याच्यापाशी नाही. म्हणून न्याय त्याच्या बाजूचा असूनही प्रेक्षकांचे मन संवाहकाकडेच ओढ घेते.

आता एका नव्या खेळाकडे वळतो. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या नातीमुळे त्याची मला ओळख झाली. पाचसहा तरुण मुले टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी एकेक भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे आपण काय करणार ते सांगतात, आणि यशापयश फाशांवर ठरते. त्यांतला एक फासा २० बाजूंचा असतो. या जातीचा पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, चापल्य, बुद्धी इत्यादी ६ गुणांचे आकडे आणि त्या पात्राची खास सामर्थ्ये लिहिलेली असतात. बुद्धिबळातला घोडा अडीच घरे चालतो, यावर आज कोणी वाद घालीत नाही. या खेळात मात्र सामर्थ्ये शेकडो, ती वाक्यांत लिहिलेली, आणि पात्राने काय करावे याला कल्पनेखेरीज सीमा नाही. तेव्हा अर्थाचे वाद अटळच.

नातीने सांगितलेला एक वाद मला फार उद्बोधक वाटला. २०१४ साली निघालेल्या नियमपुस्तकात ढालीच्या प्रावीण्याचे एक सामर्थ्य होते. त्याचा आशय असा, की आपल्या पाळीत योद्ध्याने हल्ल्याची कृती केली, तर एक जादा कृती म्हणून त्याला जवळच्या शत्रूला ढालीने ढकलता येईल. ढकलून शत्रू आडवा पाडता येतो, आणि आडव्या पडलेल्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्याला दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा घेण्याचा लाभ मिळतो. मग साहजिकच प्रश्न आला : ढाल आधी मारून तलवार मागून चालविता येईल काय? नियमात 'जर' आहे, पण 'नंतर' नाही. नियमकर्त्यांच्या बाजूने २०१५ मध्ये उत्तर आले की क्रम खेळाडूने ठरवावा. २०१८ मध्ये ते उत्तर फिरले आणि हल्ला आधी झालाच पाहिजे, असे सांगण्यात आले. २०२४ च्या सुधारित पुस्तकात नियमाचे शब्दच बदलले. वार लागला की लगेच ढाल मारता येते, असे स्पष्ट झाले आणि वाद मिटला.

मराठीचा शिक्षक या नात्याने मला या 'जर'ची मौज वाटली. 'बाजारात गेलास तर भाजी आण' या वाक्यात जाणे आधी आणि आणणे नंतर. परंतु 'रविवारी लग्नाला आलास, तर आदल्या रात्री आमच्याकडेच उतर' या वाक्यात 'तर'नंतरची क्रिया कालदृष्ट्या आधीची आहे, आणि वाक्य तरीही निर्दोष आहे. म्हणजे 'जर-तर' संबंध सांगते, क्रम सांगतेच असे नाही. क्रम हवा असेल तर 'हल्ला करून' किंवा 'हल्ला केल्यावर' असे म्हणावे लागते. आपल्या भाषेतल्या 'ऊन' आणि 'ल्यावर' या प्रत्ययांची किंमत अशा वेळी कळते. २०१५ चे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते आणि २०१८ चेही अशक्य नव्हते. निव्वळ शब्दांच्या बळावर हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

मग करावे काय? येथे मला नागेशभट्टांचे स्मरण होते. काळे आडनावाचा हा महाराष्ट्रीय पंडित अठराव्या शतकात काशीत राहून व्याकरणाचा शिरोमणी झाला. त्याच्या 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथाचे संपादन आणि भाषांतर पुढे डेक्कन कॉलेजातले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी केले. पाणिनीचे नियम वाचावेत कसे, याचे नियम म्हणजे परिभाषा. त्यांतल्या अगदी प्रारंभीच्या परिभाषेचे तात्पर्य असे, की संदेह उत्पन्न झाला तर जाणकारांच्या व्याख्यानावरून नेमका अर्थ ठरवावा, केवळ संदेह आला म्हणून नियम नियमच नाही असे मानू नये. तिचे निमित्तही पाहण्यासारखे आहे. महाकाळाच्या नगरीत माहेश्वर सूत्रांविषयी वेगळे सांगायला नको. त्या सूत्रांत 'ण्' हे खुणेचे अक्षर दोनदा आले आहे, एकदा पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि एकदा 'लण्' या सूत्रात. मग 'अण्' म्हटले की पहिल्या खुणेपर्यंतचे वर्ण घ्यायचे की दुसऱ्या? परंपरेने ठरविले, की 'अण्' एका सूत्राचा अपवाद वगळता पहिल्या खुणेपर्यंतचा आणि 'इण्' नेहमी दुसऱ्या खुणेपर्यंतचा. पाणिनीसारख्या सूत्रकाराच्या रचनेतही संदेहाला जागा राहते; मग खेळ रचणाऱ्यांचे नियम निःसंदिग्ध असावेत, असा हट्ट कोणत्या तोंडाने धरावा?

दुसरे सूत्र उत्सर्ग आणि अपवाद यांचे. सामान्य नियम आणि विशेष नियम यांत विरोध आला, तर विशेष नियम बलवान. २०१४ च्या त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतही हेच तत्त्व सांगितलेले आहे. मात्र आपल्या शास्त्रकारांनी त्याबरोबर एक भानही ठेवले आहे : अपवाद आपल्या क्षेत्रापुरताच चालतो, त्याबाहेर उत्सर्ग जसाच्या तसा उभा असतो. मांत्रिकाला बंद कुलूप मंत्राने उघडता येते, एवढ्यावरून त्याला भिंतीतून जाता येते असे होत नाही. तिसरे सूत्र प्रयोजनाचे. मीमांसकांनी तात्पर्य ठरविताना उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे ग्रंथाचा आरंभ आणि शेवट, एकत्र पाहायला सांगितले. एक ओळ तोडून हाती घेऊ नये, सबंध प्रकरण कोठे चालले आहे ते पाहावे. गायगॅक्स यांनीही १९७९ च्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी सूत्रधारांना असाच सल्ला दिला होता, की नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाचा भाव श्रेष्ठ मानावा.

आणि तरीही एक गोष्ट उरते. ही सारी सूत्रे हाताशी असूनही कोणी निर्णय दिलाच नाही, तर? सभापर्वातले द्यूत मला या दृष्टीने पुन्हा वाचावेसे वाटते. त्या द्यूताच्या प्रारंभीच एक नियमाचा प्रश्न उभा राहिला होता. दुर्योधन म्हणाला, पण मी लावीन आणि फासे माझ्यासाठी शकुनिमामा टाकतील. एकाने दुसऱ्यासाठी खेळणे मला विषम वाटते, असे युधिष्ठिर म्हणाला, आणि तेवढ्यावरच थांबला. सभेतल्या कोणा वडीलधाऱ्यानेही तो मुद्दा उचलून धरला नाही. खेळ सुरू झाला. युधिष्ठिर संपत्ती हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला, आणि त्यानंतर त्याने द्रौपदी पणाला लावली.

द्रौपदीने निरोप्याकरवी जो प्रश्न विचारला तो नेमका सामर्थ्याच्या नियमाचा प्रश्न आहे : राजा आधी स्वतःला हरला, की मला? जो स्वतःचा स्वामी राहिला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचे सामर्थ्य उरते काय? विकर्णाने उठून सांगितले की ती जिंकली गेलेली नाही. ती पाचांची आहे, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता आणि तिचे नाव शकुनीने सुचविले होते. कर्णाने प्रत्युत्तर केले की सर्वस्व हरल्यावर तीही त्यात आलीच. भीष्मांना दोन्ही बाजू दिसत होत्या. निर्धनाला दुसऱ्याचे धन पणाला लावता येत नाही हे खरे, पण पत्नी पतीच्या अधीन मानली जाते हेही तेव्हाचे मत. म्हणून धर्म सूक्ष्म आहे, एवढे बोलून ते थांबले. विदुराने प्रल्हादाची कथा सांगून बजावले की सभेत जाणत असून जो उत्तर देत नाही, तो असत्याच्या पापाचा वाटेकरी होतो. तरी सभा गप्प राहिली. अखेर अपशकुन झाले, धृतराष्ट्र घाबरला, त्याने वर दिले. प्रश्न टळला, सुटला नाही.

'युगान्त'मध्ये इरावतीबाई कर्वे यांनी द्रौपदीने असा कायद्याचा काथ्याकूट करावा, ही तिची मोठी चूक मानली आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मला वेगळे वाटते. जेथे बळ दुसऱ्याच्या हाती आहे, तेथे दुबळ्यापाशी नियमाच्या अर्थाखेरीज दुसरे काय असते? तिने दयेची याचना केली असती, तर ती देणे न देणे सभेच्या मर्जीवर राहिले असते. अर्थ विचारल्यामुळे उत्तर देणे हे सभेचे कर्तव्य झाले, आणि ते न केल्याचा दोष आजवर सभेच्या माथी आहे. संवाहक आणि द्रौपदी दोघेही शब्दाच्या संदिग्धतेवर बोट ठेवतात. संवाहक तिच्या आडून स्वतः दिलेला शब्द टाळू पाहतो. द्रौपदीने कोणताच शब्द दिलेला नव्हता, तिच्यावतीने तो दुसऱ्याने दिला होता. दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. शब्दाचा कीस काढणारा प्रत्येक जण लबाड नसतो, आणि कीस काढू नका असे सांगणारा प्रत्येक जण न्यायी नसतो.

यातून शिक्षकांसाठी आणि तुमच्यासारख्या जाणत्या माजी विद्यार्थ्यांसाठी मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात सांगतो. तुमच्यापैकी कोणी पंच असेल, कोणी मुख्याध्यापक, कोणी न्यायालयात, कोणी एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीत. तुमच्यासमोर दोन अर्थांचा नियम येईल. तेव्हा आधी सबंध वाक्य वाचा, अट गिळू नका. ही सवलत वा हे सामर्थ्य कोणासाठी आणि कशासाठी दिले होते ते विचारा. या अर्थाने मला स्वतःला काय मिळते, हेही विचारा, कारण आपण माथुर आहोत हे माथुराला कधी ठाऊक नसते. आणि मग निर्णय द्या. तो चुकेल या भीतीने गप्प बसू नका. भूमिकाखेळातल्या मुलांची एक रीत मला फार आवडली. वाद लांबू लागला की सूत्रधार निर्णय देतो, त्या बैठकीपुरता तो सर्वांना सारखा लागू होतो, आणि खेळ संपल्यावर पुस्तक उघडून शांतपणे पुन्हा चर्चा होते. पुढच्या वेळी अर्थ बदलला, तरी तोही सर्वांसाठी सारखाच बदलतो. चुकीचा निर्णय असा दुरुस्त करता येतो. भीष्मांचे मौन दुरुस्त करायला पुढे कुरुक्षेत्र लागले.